नांपुलाचं विमान

म्हार्दोळ, फोंडा

चि. मिलिंद यास अनेक आशीर्वाद.

फोनवर मी विमानाचा विषय काढला की तू ‘बाबा, पुरे’ म्हणतोस. कागदाला तसं म्हणता येत नाही, म्हणून हे पत्र. सुलूची मुलगी फोटो काढून तुला व्हॉट्सॲपवर धाडणार आहे. अक्षर लागलं नाही तर तिला विचार, मला नको.

गुरुवारी नांपुलाला जाऊन शनिवारी रात्रीच्या विमानानं मापुतोला परतणार, असं तू आईला सांगितलंस. रात्रीचंच का? सकाळचं मिळत नाही का? असो. मोपा विमानतळावर एवढ्याच गोष्टीवरून तू चिडलास आणि आईच्या पाया पडायचं राहून गेलं. ती अजून ते धरून बसली आहे. मी नाही.

इथं सगळे विचारतात, मिलिंद आफ्रिकेत काय करतो? नर्स म्हटलं की समोरचा जरा घुटमळतो, मग ‘डॉक्टरांच्या हाताखाली का?’ विचारतो. आता मी उत्तर तयार ठेवलं आहे. तुम्ही ज्या देशाचं नाव नीट घेऊ शकत नाही, त्या मोझांबिकचा पहिला राष्ट्राध्यक्ष नर्सच होता, सामोरा माशेल. परवा देवळात वामन म्हणाला, ‘म्हणजे आपल्या माशेल गावचा?’ हसू नकोस, त्याला खरंच तसं वाटलं.

तू गेल्यापासून मी या सामोराबद्दल मिळेल ते वाचतो आहे. जन्म 1933 चा, तिथल्याच गाझा प्रांतातल्या शिलेंबेन गावचा. घर शेतकऱ्याचं. चांगली जमीन पोर्तुगीज वसाहतवाल्यांना देण्यासाठी काढून घेतली गेली. पोरगा नर्सिंग शिकला आणि लोरेंसो मार्किसच्या, म्हणजे तुझ्याच मापुतोच्या, मिगेल बोंबार्डा इस्पितळात लागला. काम तेच, पण गोऱ्या नर्सला पगार जास्त. 1963 साली तो देश सोडून दार-एस-सलामला फ्रेलिमोत, म्हणजे स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या संघटनेत, गेला. अल्जीरियात लष्करी शिक्षण घेतलं. 1969 मध्ये तिचे प्रमुख मोंडलाने पार्सल बॉम्बनं मारले गेले आणि पुढच्या वर्षी संघटना याच्या हाती आली. लढाई चालू असतानाच बायको गेली, जोझिना, पंचविशीची. 25 जून 1975 ला देश स्वतंत्र झाला तेव्हा हा एक्केचाळीस वर्षांचा होता. बेचाळीसाव्या वर्षी मी बदलीसाठी अर्ज करत होतो.

महिनाभरात त्यानं आरोग्यसेवा सरकारी केली. डॉक्टर बहुतेक पोर्तुगालला निघून गेलेले, तरी गावोगाव देवीच्या, गोवराच्या लसी पोचवल्या. पट्टी बांधलेल्या हातांनाच ते सुचावं. तुला जे तिथं मोडकं, अपुरं दिसतंय, त्याच्या तळाशी हे आहे. रुग्णावर खेकसू नकोस, रांगेतल्या बाईला आधी बसायला दे, वरिष्ठांशी बोलताना आवाज... बघ, आली मास्तरकी. तुला हे सांगायची गरज नाही. आजीला शेवटचे चार महिने तूच उचललंस, मी दारात उभा राहायचो.

भाऊंपुढे मात्र माशेलचं कौतुक कुणी करायचं नाही. 1976 च्या फेब्रुवारीत तिकडे भाड्यानं दिलेली घरं सरकारजमा झाली, त्यात त्यांच्या दोन खोल्या गेल्या. त्याच वर्षी इथं गोव्यात कुळांना जमिनीची मालकी देणारा कायदा झाला आणि माझ्या बाबांना खालचं शेत मिळालं. एका भावाचं गेलं, दुसऱ्याला मिळालं. चवथीला दोघे जेवायला बसले की माझी आई मुद्दाम भाताची ओगराळी आपटत मध्ये यायची. भाऊ म्हणायचे, माणूस खरा, पण घाईचा. आता वाचल्यावर मला ते पटतं. पुनर्शिक्षणाच्या नावानं छावण्या उघडल्या. 1983 मध्ये शहरातली ‘बेकार’ ठरवलेली माणसं उचलून दूर उत्तरेला नेऊन टाकली, चाबकाची शिक्षा परत आणली. ज्यानं स्वतः अपमान सोसला, त्याच्या राज्यात हे व्हावं? मला याचं उत्तर सापडत नाही. तिकडे ऱ्होडेशियानं उभे केलेले आणि नंतर दक्षिण आफ्रिकेनं पोसलेले बंडखोर शाळा, दवाखाने जाळत होते, हेही खरं. शेवटी 1984 मध्ये त्याच दक्षिण आफ्रिकेच्या पंतप्रधान बोथांशी एन्कोमातीला करार करावा लागला. युद्ध काही थांबलं नाही.

आणि मग ते विमान. 19 ऑक्टोबर 1986, झांबियातली बैठक आटोपून रात्री मापुतोला परत. वाटेत विमान वळलं ते चुकीच्या दिशेला, आणि दक्षिण आफ्रिकेच्या हद्दीत एम्बुझिनीच्या डोंगरावर आदळलं. माशेल आणि आणखी तेहेतीस जण गेले. वैमानिकांची चूक की कुणी खोटा संकेत पाठवला, यावर अजून वाद आहे. त्या विमानात आपल्या बार्देशचे आक्विनो द ब्रागांसाही होते, माशेलचे सल्लागार. त्याआधी चार वर्षं मापुतोच्या विद्यापीठात वर्णभेदाविरुद्ध लढणाऱ्या रूथ फर्स्ट यांच्या हातात टपालातला बॉम्ब फुटला, तेव्हा हे त्याच खोलीत होते आणि वाचले होते. तेव्हा वाचलेला माणूस रात्रीच्या विमानात गेला. तू म्हणशील, ते रशियन विमान होतं, तो काळ वेगळा, शत्रू वेगळे, मला कोण मारायला बसलंय. सगळं कबूल. तुझ्या आईला मी हेच समजावतो. तिला पटतं. मला पटत नाही.

चुकलं माझं, कामावर निघालेल्या माणसाला असलं लिहू नये. हा परिच्छेद वाचू नकोस. पण सकाळचं तिकीट मिळतं का, एवढं विचारून बघ. जादा पैसे मी देतो.

भाऊ हल्ली माणसं ओळखत नाहीत. तू मापुतोत आहेस म्हटल्यावर मात्र पोर्तुगीजमध्ये काहीतरी बराच वेळ बोलले. घरात कुणाला कळलं नाही. पुढच्या वेळी त्यांना फोन लावून देतो, तुला आता थोडं कळत असेल.

सोलांची पुडी निळ्या बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात आहे, ओल लागू देऊ नकोस. पहिल्या पगारातून इकडे काही पाठवायचं नाही. माडीच्या कौलांचं काम मे महिन्यापर्यंत थांबू शकतं, गवंड्यालाही तोवर सवड नाही.

तुझा,
बाबा