यॉर्कहून पत्र: अडतं ते छोट्या शब्दांपाशी

यॉर्क, रविवार रात्र

प्रिय बाबा आणि आई,

परवा फोनवर बाबांनी विचारलं, आता इंग्रजीचं काही अडत नाही ना, आणि मी घाईत नाही म्हणाले. पण खरं तर अडतं बाबा, आणि कुठे अडतं ते दोन मिनिटांत सांगण्यासारखं नाही म्हणून आज लिहायलाच बसलेय. आजारांची, औषधांची लांबलचक नावं कधी अडवत नाहीत, ती पुण्यात तशीच इथे. अडतं ते आपण पाचवीत पाठ केलेल्या छोट्या छोट्या शब्दांपाशी.

गेल्या आठवड्यात मला रात्रपाळी होती. आमच्या वृद्धाश्रमात एक आजी आहेत, नव्वदी ओलांडलेल्या, जन्म इथल्याच एका खेड्यातला. पहाटे तीनला त्यांची बेल वाजली. गेले तर आजी गुडघे पोटाशी घेऊन पडलेल्या, म्हणाल्या, "आय ॲम स्टार्व्ह्ड, लव्ह." मला वाटलं बिचारीला भूक लागलीये, मी धावत किचनमध्ये गेले, दोन टोस्ट भाजले, लोणी लावलं, दूध कोमट केलं आणि ट्रे घेऊन आले. त्यांनी ट्रेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि काही न बोलता माझा हात धरून स्वतःच्या पावलावर ठेवला. पाऊल बर्फासारखं गार. म्हणजे मी टोस्ट भाजत होते तेवढा वेळ ती म्हातारी कुडकुडत पडून होती. मग मोजे, अजून दोन ब्लँकेट, गरम पाण्याची पिशवी सगळं केलं, तासाभरानं झोपल्या, पण मला नंतर झोप लागली नाही.

इकडच्या जुन्या माणसांच्या बोलीत स्टार्व्ह्ड म्हणजे गारठलेलं. सकाळी घरी आल्यावर मी शोधून वाचलं तर मूळ जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ नुसताच मरणं असा होता, कशानेही, आणि जर्मनमधला स्टेर्बेन आजही नुसतं मरणंच आहे. पुढे लोक भुकेनं मरणं, थंडीनं मरणं असं म्हणायला लागले, मग इंग्लंडच्या दक्षिणेत भूक तेवढी शब्दाला चिकटून राहिली आणि इकडे उत्तरेत थंडीसुद्धा राहिली. आपण नाही का म्हणत, भुकेनं मेले, थंडीनं मेले? आजी तेवढंच म्हणत होत्या बाबा, फक्त थंडीनं हा शब्द त्यांना वेगळा बोलावा लागत नाही.

लव्हवरून आई, तू काळजी करू नकोस. इथे बस ड्रायव्हरपासून भाजीवाल्यापर्यंत सगळे सगळ्यांना लव्ह म्हणतात, आपल्याकडे अनोळखी मुलीला बाळा म्हणतात तसंच.

ड्युटीचंही तसंच. पहिल्या महिन्यात एकीनं सांगितलं, तुझी शिफ्ट नाइन व्हाइल फाइव्ह, आणि मी तिच्या तोंडाकडे बघतच राहिले. व्हाइल म्हणजे असताना, बरोबर? यॉर्कशायरमध्ये व्हाइल म्हणजे पर्यंत. नऊ ते पाच. आता माझ्याही तोंडी तेच येतं.

आणि टी! एका सहकारीण बाईनं साडेपाचला कम फॉर टी म्हणून बोलावलं, मी आपली घरून पोटभर जेवून गेले, चहा-बिस्किट असेल म्हणून. तिथे टेबलावर चीज-बटाटा भरून भाजलेला पाय नावाचा पदार्थ, वाटाणे, गाजरं, चार माणसांची ताटं मांडलेली आणि चहाचा पत्ता नाही. इकडे टी म्हणजे संध्याकाळचं जेवण, डिनर म्हणजे दुपारचं. तिनं खपून केलं होतं म्हणून मी सगळं खाल्लं. लंडनमधल्या माझ्या मैत्रिणीला डिनर म्हटलं की रात्रच आठवते, इथे आमच्या आश्रमात डिनर दुपारी बारा वाजता.

बाबा, तुम्ही इथे आलात ना की मी आधी तुम्हाला जुन्या शहरात फिरवणार. भिंत अजून उभी आहे, आणि गंमत म्हणजे रस्त्यांना गेट म्हणतात आणि वेशीला बार! मिकलगेट हा रस्ता, आणि मिकलगेट बार म्हणजे त्या रस्त्यावरची वेस, कमान, वर बुरूज सगळं. हे गेट म्हणजे फाटक नाहीच, उत्तरेकडून आलेल्या व्हायकिंग लोकांच्या भाषेतला गाटा, म्हणजे रस्ता. 866 साली त्यांनी यॉर्क घेतलं, शेवटच्या राजाला 954 मध्ये हाकललं, राजा गेला पण शब्द इथेच राहिला. मिकल म्हणजे मोठा, म्हणून मिकलगेट म्हणजे आपला मोठा रस्ता. मी रोज तिथून जाते.

तिथून थोडं पुढे कॉपरगेट आहे. मला कित्येक महिने खात्री होती की ही इथली तांबट आळी, कसब्यातल्यासारखी, एकेकाळी इथेही तांब्याची भांडी ठोकत असतील. तर तसं नाहीये. कॉपर हा तिथे तांबं नाही, कप करणारा माणूस आहे, लाकडाचे पेले-वाडगे चरकावर कातणारा. 1976 ते 81 तिथे मोठं खोदकाम झालं त्यात कातलेले लाकडी वाडगे आणि कातताना मधून उरलेले गड्डे ढिगानं मिळाले, आता 1984 पासून त्याच जागेवर म्युझियम आहे. मी काचेपलीकडचा तो लाकडाचा गड्डा कितीतरी वेळ बघत उभी होते, हजार वर्षांपूर्वी कुणीतरी वाडगा काढून घेतला आणि हा टाकून दिला, आणि रस्त्याचं नाव अजून त्या कारागिराचंच.

एक गोष्ट खास बाबांसाठी. इंग्लंडमध्ये छापखाना आणणारा कॅक्सटन, त्यानं 1490 मधल्या एका पुस्तकाच्या प्रस्तावनेत लिहिलंय. थेम्स नदीतून काही व्यापारी समुद्रापलीकडे निघाले होते, वारा पडला म्हणून किनाऱ्यावर उतरले, आणि एकानं एका बाईकडे खायला एग्ज मागितली. ती म्हणाली मला फ्रेंच येत नाही. तो चिडला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हतं! शेवटी दुसरा कोणी म्हणाला अहो याला आयरन पाहिजेत, तेव्हा तिला कळलं. एग हा उत्तरेतल्या व्हायकिंगांचा शब्द, आयरन (लोखंड नव्हे, अंडीच) हा दक्षिणेतला जुना. आज आयरन कुणालाच माहीत नाही. त्या बाईची मला फार कणव येते बाबा, स्वतःच्या दारात, स्वतःच्याच भाषेतला शब्द, आणि तिला वाटलं परदेशी माणूस आलाय.

कॉर्नचं पण ऐका. आपल्याला कॉर्न म्हटलं की मका, भुट्टा, कारण तो अमेरिकेचा अर्थ आपल्याकडे आला. इथले जुने शेतकरी कॉर्न म्हणतात ते गव्हाला, बार्लीला, स्कॉटलंडमध्ये तोच कॉर्न म्हणजे ओट्स. 1846 मध्ये जे कॉर्न लॉ रद्द झाले ते धान्याचे कायदे होते, मक्याचे नव्हेत, आणि मी शाळेत पूर्ण वर्षभर डोळ्यांपुढे कणसं आणून तो धडा वाचला होता. मूळ अर्थ नुसता दाणा. जिथे जे जास्त पिकतं त्याला तिथले लोक तो शब्द देऊन टाकतात. गोंदियाची मावशी नाही का धान म्हणते आणि तिला फक्त भातच म्हणायचा असतो, आणि आपण धान्य म्हटलं की ज्वारी-गहू सगळं आलं.

मीट म्हणजे पूर्वी कुठलंही अन्न, गर्ल म्हणजे मुलगा किंवा मुलगी कुणीही, नाइस म्हणजे चक्क मूर्ख. पण या सगळ्यांत मला सर्वात आवडला तो डिअर. जुन्या इंग्रजीत डिअर म्हणजे कुठलंही जनावर, नंतर आकसत आकसत नुसतं हरीण उरलं. हे वाचलं आणि मला तुमचा संस्कृतचा तास आठवला, मृग म्हणजे आधी कुठलाही वन्य पशू, म्हणून तर सिंह मृगेंद्र आणि माकड शाखामृग, आणि नंतर मृग म्हणजे हरीणच! दोन्ही भाषांत हरणावरच येऊन कसं थांबलं? तुम्हाला काय वाटतं ते सविस्तर लिहा, नुसतं छान म्हणू नका.

आजी आता बऱ्या आहेत. मी त्यांच्या कपाटावर मोठ्या अक्षरात चिठ्ठी लावलीये, स्टार्व्ह्ड म्हणाल्या तर आधी पाय बघा, म्हणजे एजन्सीकडून नवीन मुलं येतात त्यांना कळेल. इथे घरातल्या माणसाच्या नावाआधी अवर लावतात, अवर डेव्हिड म्हणजे आमचा डेव्हिड, आपण आमचा बाळू म्हणतो अगदी तसंच. काल त्यांची मुलगी भेटायला आली होती, आजी माझ्याकडे बोट दाखवून तिला म्हणाल्या, "अवर मेघा."

आई, लोकरीचे मोजे पाठवशील का, दोन जोड, एक माझ्या मापाचा आणि एक लहान पायाचा. शनिवारी मी नाइन व्हाइल फाइव्ह आहे, म्हणजे सुटेपर्यंत तुमचे रात्रीचे साडेदहा वाजतील, तेव्हा जागत बसू नका, रविवारी सकाळी मीच फोन करते.

तुमची
मेघा