पुढची गिटार कानांनी निवडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हौशी वादकांना कळकळीची विनंती : संग्रहातली पुढची इलेक्ट्रिक गिटार रंग पाहून घेऊ नका. माझ्याकडे लाल स्ट्रॅटोकास्टर, म्हणजे फेंडर कंपनीची प्रसिद्ध गिटार, होती. पैसे साठवून दुसरी घेतली, तीही स्ट्रॅटच, फक्त निळी. घरी वाजवली आणि हिरमुसलो. तेच तीन सिंगल कॉइल पिकअप (तारांचं कंपन विजेच्या संकेतात बदलणारे, एकाच वेटोळ्याचे भाग), तीच २५.५ इंचांची तार, आवाजही जवळजवळ तोच.

तिसऱ्या वेळी दुकानात डोळे मिटून ऐकलं. गिब्सनच्या १९५८ मधल्या ईएस-३३५ च्या धर्तीची गिटार निवडली. मधोमध भरीव लाकूड, दोन्ही बाजूंना पोकळी. तिचे पिकअप हंबकर जातीचे. हंबकरमध्ये दोन कॉइल एकमेकींच्या उलट जोडलेल्या असतात. त्यामुळे विजेची घरघर दबते, स्वर जाड आणि उबदार येतो. तारेची लांबी पाऊण इंचाने कमी, म्हणून ताणही कमी. तार ओढून मींड घेताना बोटं दुखत नाहीत. सतार ऐकत वाढलेल्या मला याचं फार मोल वाटतं.

दुकानदारांनीही गिऱ्हाइकाला अ‍ॅम्प्लिफायर जोडून अर्धा तास निवांत वाजवू द्यावं.

– एक वाचक, पुणे