तक्रार पत्र: स्विचची वीजबचत आणि झोपणारा वजनकाटा

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

प्रेषक: जिनिंग-प्रेसिंग कारखाना (नेटवर्क व विद्युत देखभाल), ता. केळापूर, जि. यवतमाळ
दिनांक: 9 डिसेंबर 2024

विषय: आपल्या 8 पोर्ट अनमॅनेज्ड गिगाबिट स्विचमधील वीजबचत बंद करता येत नसल्याने वजनकाट्याची लिंक वारंवार तुटणे.

महोदय,

हंगामाच्या तोंडावर, ऑक्टोबरमध्ये, आम्ही आपले तीन नेटवर्क स्विच (उपकरणे तारेने एकमेकांना जोडणारे डबे) घेतले. ऑफिसात 16 पोर्टचा मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणारा), आणि काट्याच्या केबिनमध्ये व प्रेस हाऊसमध्ये प्रत्येकी एक 8 पोर्टचा अनमॅनेज्ड (सेटिंग नसलेला). केबिनमधल्या स्विचबद्दल याआधी दोनदा तक्रार नोंदवली. दोन्ही वेळा आपण तो बदलून दिला, पण मॉडेल तेच आले आणि त्रासही तोच राहिला. स्विच बिघडलेला नाही, तो जसा बनवला तसाच वागतो आहे. तिसरा तसाच डबा पाठवण्याचा खर्च आपला वाचावा म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहे. बिलाची प्रत, सिरीयल नंबर आणि चाचण्यांच्या नोंदी सोबत आहेत.

काट्याच्या इंडिकेटरमधून (वजनाचा आकडा दाखवणारे यंत्र) वजन सिरीयल पोर्टने बाहेर पडते. एक छोटा कन्व्हर्टर ते नेटवर्कवर टाकतो आणि केबिनमधल्या संगणकावरचे सॉफ्टवेअर ते वाचून पावती काढते. कन्व्हर्टर 100 एमबीपीएसचा आहे. आपला स्विच बसवल्यापासून कन्व्हर्टरच्या पोर्टचा दिवा मधूनच विझतो आणि दोन-तीन सेकंदांनी परत लागतो. असे दिवसात कधी चार वेळा होते, कधी वीस वेळा. काट्यावरची पोरे ऑफिसकडे हाक देतात, "काटा झोपला जी!" रोगाचे निदान त्यांनी आमच्या आधीच केले होते म्हणायचे.

दिवा दोन सेकंदच विझतो, मग एवढे काय, असे आपल्याकडून फोनवर विचारले गेले. लिंक गेली तरी सॉफ्टवेअरच्या बाजूने टीसीपी जोडणी (कन्व्हर्टरशी चाललेले बोलणे) उघडीच राहते, त्यामुळे स्क्रीनवर शेवटचे वजन गोठून बसते. 27 नोव्हेंबरला ट्रॉली काट्यावरून उतरून गेली होती, इंडिकेटरवर शून्य होते आणि स्क्रीनवर 4,860 किलो तसेच. मागचा ट्रॅक्टर चढत असताना कोणाची तरी नजर इंडिकेटरकडे गेली म्हणून चुकीची पावती निघाली नाही. काट्यावर वैध मापन शास्त्र विभागाचा शिक्का आहे आणि रांगेत उभ्या शेतकऱ्याला स्विच आणि काटा यातला फरक सांगत बसता येत नाही. गोठलेले वजन दाखवत राहणे हा सॉफ्टवेअरचा दोष आहे, तो त्या लोकांना वेगळा कळवला आहे. लिंक तुटण्याचे कारण मात्र आपल्या डब्यात आहे.

आपल्या खोक्यावर हिरवे पान छापलेले आहे आणि खाली 'वीज वाचवा' एवढेच. आत जे आहे ते 2010 साली मंजूर झालेले आयईईई 802.3एझेड, म्हणजे एनर्जी एफिशियंट इथरनेट (ईईई). पूर्वी इथरनेटच्या तारेवर काही पाठवायचे नसले तरी दोन्ही टोके सतत रिकामे सिग्नल पाठवत राहत. या मानकात पॅकेट (पाठवायचा माहितीचा तुकडा) नसताना ट्रान्समीटर गप्प होतो. साधारण 20 मिलीसेकंद गप्प, मग जेमतेम 200 मायक्रोसेकंदांची एक खूण, परत गप्प. त्या खुणेवर समोरच्या रिसीव्हरने आपले घड्याळ आणि इक्वलायझर (आलेला सिग्नल नीट करणारा भाग) जुळवून ठेवायचे. पॅकेट आले की जागे व्हायला गिगाबिटवर सुमारे 16 आणि 100 एमबीपीएसवर सुमारे 30 मायक्रोसेकंद मिळतात. तेवढ्यात समोरच्याचे घड्याळ जुळले नाही तर पहिले पॅकेट फाटते, किंवा चिपला वाटते की तारच निघाली, आणि ती लिंक पाडून पुन्हा पहिल्यापासून बोलणी सुरू करते.

आता आमच्या काट्याचे गणित बघा. इंडिकेटर सेकंदाला 5 वेळा वजन पाठवतो, म्हणजे दोन पॅकेटांमध्ये 200 मिलीसेकंदांची मोकळीक. स्विचच्या हिशेबाने ही मोठी झोप झाली. म्हणजे ही लिंक सेकंदाला 5 वेळा झोपते आणि 5 वेळा उठते, चोवीस तासांत 4,32,000 वेळा. त्यातल्या वीस वेळा उठताना अडखळली तर टक्केवारीत ती दिसणारही नाही. आपल्या प्रयोगशाळेत मोठी फाइल कॉपी करून चाचणी घेतली तर हा दोष सापडणार नाही, कारण सलग वाहतुकीत लिंकला झोपायला फुरसतच मिळत नाही. थोडे-थोडे, थांबून-थांबून बोलणारी उपकरणे लावा: वजनकाटा, हजेरीचे यंत्र, मीटर. दोष तिथे दिसेल.

ही सोय दोन्ही टोकांना असेल तरच सुरू होते, ऑटो-निगोशिएशनच्या वेळी, म्हणजे लिंक जुळताना वेग वगैरे ठरवण्याची बोलणी होतात तेव्हा, दोघे तसे एकमेकांना कळवतात. म्हणूनच त्याच स्विचवरचे दोन जुने कॅमेरे एकदाही पडले नाहीत. त्यांच्या चिपमध्ये ही सोयच नाही. जुने निमूट चालते आणि नवे रुसते, हे बघूनच आमचा संशय केबलवरून उठला.

आपल्याकडून आलेले सल्ले एकेक करून घेतो.

पहिला सल्ला, केबल बदला. कन्व्हर्टर ते स्विच अंतर 3 मीटर. शुद्ध तांब्याची कॅट 6 आहे, ॲल्युमिनियमवर तांबे चढवलेली स्वस्तातली नाही. ती बदलून 2 मीटरची नवी फॅक्टरी पॅच कॉर्ड लावली, पोर्टही बदलले. काही फरक नाही.

दुसरा, व्होल्टेज आणि ऊन. विदर्भ म्हटले की हे दोन शब्द आलेच. स्विच ऑनलाइन यूपीएसवर आहे आणि मोजलेले व्होल्टेज 228 ते 232. हा नोव्हेंबर-डिसेंबर आहे, पहाटे कापसाच्या गंजीवर दव पडते. केबिनमधले तापमान दुपारी 29 अंश होते आणि लिंक पहाटेही तुटत होती.

तिसरा सल्ला जास्त धोक्याचा. आपल्या इंजिनियरने कन्व्हर्टरवर 100 फुल डुप्लेक्स (दोन्ही टोकांनी एकाच वेळी बोलणे; हाफमध्ये एका वेळी एकच बोलतो) पक्के करायला सांगितले. विचार अर्धा बरोबर होता, ऑटो-निगोशिएशन बंद झाले की वीजबचतीची बोलणीही होत नाहीत. पण आपला अनमॅनेज्ड स्विच त्याच्या बाजूने बोलणी करतच राहतो. समोरून उत्तर आले नाही तर तो सिग्नलवरून वेग ओळखतो, डुप्लेक्स मात्र ओळखू शकत नाही, म्हणून मानकाप्रमाणे हाफ धरतो. एक टोक फुल, एक हाफ. लिंक तुटणे थांबले आणि त्या जागी टकरा व सीआरसी चुका (पॅकेट खराब होऊन पोहोचणे) सुरू झाल्या. दिवा स्थिर असल्यामुळे ही भानगड उशिरा लक्षात आली. हा सल्ला कृपया आणखी कोणाला देऊ नका. गिगाबिटवर तर तांब्याच्या तारेला ऑटो-निगोशिएशन लागतेच, तिथे हा मार्गच नाही.

दोष वीजबचतीतच आहे हे आम्ही असे पक्के केले. केबिनमधल्या संगणकावर गिगाबिट कार्ड आहे, तिथूनही पिंग (समोरचे उपकरण उत्तर देते का ते पाहणारी हाक) मधूनमधून सुटत होते. त्यावर लिनक्स सुरू करून ईथटूल या नेटवर्क कार्ड तपासायच्या आज्ञेने ईईईची स्थिती पाहिली तर 'एनेबल्ड, ॲक्टिव्ह' आले, आणि समोरचे टोक म्हणजे आपला स्विच 100 व 1000 दोन्ही वेगांवर ही सोय जाहीर करत होता. मग विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर, नेटवर्क कार्डाचे गुणधर्म, ॲडव्हान्स्ड पानावर 'एनर्जी एफिशियंट इथरनेट' आणि 'ग्रीन इथरनेट' या दोन्ही ओळी डिसेबल्ड केल्या. सेकंदाला एक पिंग, सलग 8 तास. आधी 28,800 पैकी 61 सुटले होते, नंतर एकही नाही. केबल तीच, पोर्ट तोच, स्विच तोच. टोकन नंबरच्या फलकामागे रास्पबेरी पाय 3 बी प्लस हा छोटा संगणक आहे, त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये ईईई ऑफ करणारी एक डीटीपॅरम (सेटिंगची) ओळ घातली, फलकही शांत झाला. कन्व्हर्टरमध्ये अशी कुठलीही सेटिंग नाही. तिथे स्विच आणि कन्व्हर्टरच्या मध्ये भंगारात निघालेला जुना 5 पोर्टचा 100 एमबीपीएस स्विच टाकला. त्यात ही सोय नाही, त्यामुळे वीजबचतीची बोलणी फिसकटली आणि लिंक चार दिवस हलली नाही.

सध्या काटा कसा चालू आहे तेही सांगतो, आपल्या इतर ग्राहकांच्या उपयोगी पडेल. कन्व्हर्टर 10 एमबीपीएस हाफ डुप्लेक्सवर पक्का केला आहे. समोर स्विचही 10 हाफच धरतो, त्यामुळे मेळ बसतो, आणि 10 एमबीपीएसवर ही झोपण्याची पद्धत नाहीच. वजनाची एक ओळ वीसेक अक्षरांची, 9600 बॉडवर येणारी, तिला 10 एमबीपीएस म्हणजे बैलगाडीला चौपदरी हायवे. पण गिगाबिटचे पैसे देऊन 10 वर चालवायची ही पाळी आपण आणली आहे.

ऑफिसातल्या मॅनेज्ड स्विचची तक्रार वेगळी आहे. त्यात 'ग्रीन इथरनेट' या एका नावाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत आणि माहितीपुस्तकात तिन्ही एकाच परिच्छेदात उरकल्या आहेत. रिकाम्या पोर्टची वीज तोडणे निरुपद्रवी आहे, ते आम्ही चालूच ठेवले. केबल आखूड असेल तर सिग्नलची ताकद कमी करणे, हे ऑफिसातल्या 2 मीटरच्या तारांना ठीक, पण केबिनकडे जाणारी तार 64 मीटरची आणि उघड्यावरून गेलेली, तिथे असली काटकसर नको. आणि तिसरे 802.3एझेड. आम्ही ते प्रत्येक पोर्टवर बंद केले, सेटिंग सेव्ह केली. नंतर आपल्याच सांगण्यावरून फर्मवेअर (स्विचच्या आतले सॉफ्टवेअर) अपडेट केले तर ते गुपचूप परत चालू झाले. केबिनकडे जाणारा पोर्ट त्या रात्री तीनदा पडला. त्या पोर्टवर स्पॅनिंग ट्री (नेटवर्कमध्ये फेरा होऊ न देणारी पद्धत) चालू आहे, म्हणजे लिंक आली तरी ऐकण्यात 15 आणि शिकण्यात 15 सेकंद जातात. दोन सेकंदांच्या झटक्याला अर्ध्या मिनिटाचा खोळंबा, आणि एका उपकरणाचा नाही, अख्ख्या केबिनचा.

एवढे करून वीज किती वाचते, तेही प्लगमध्ये लावायच्या मीटरवर मोजले. मॅनेज्ड स्विच बचत चालू असताना 9.1 वॅट, बंद असताना 11.4. आठ पोर्टच्या बाबतीत प्रत्येकी बचतीसकट 3.5 आणि तिच्याविना, जुना स्विच मधे टाकून व संगणकावर बंद करून, 4.6. तिन्ही मिळून फरक साडेचार वॅटचा. वर्षभर चोवीस तास धरले तरी 39 युनिट. आमची एक डबल रोलर जिन 5 हॉर्सपॉवरच्या मोटरवर चालते, ती साडेदहा तासांत तेवढी वीज खाते. बचत नको असे आमचे म्हणणे नाही. शाळा, बँक, जिथे रात्री पन्नास संगणक नुसते लावून ठेवलेले असतात, तिथे ती असावी. पण ती बंद करण्याची कळ नसलेला डबा काट्यावर ठेवता येत नाही.

'समोरचे उपकरण दुसऱ्या कंपनीचे आहे, आमचा स्विच मानकाप्रमाणे आहे' हे आपले दुसऱ्या तक्रारीवरचे लेखी उत्तर. कन्व्हर्टरचे रिसीव्हर घड्याळ कच्चे असू शकते, ते आम्ही नाकारत नाही. पण बोलणी सुरू करतानाच 'मला झोपायचे नाही' असे सांगण्याचा हक्क मानकाने दोन्ही टोकांना दिला आहे, आणि आपल्या स्विचमध्ये तो वापरायची वाट ठेवलेली नाही. अनमॅनेज्ड असला म्हणून ते अशक्य आहे असेही नाही. स्विच चिपला सुरुवातीची सेटिंग बोर्डावरच्या पिनवरून किंवा छोट्या ईईप्रॉममधून (सेटिंग साठवणारी चिप) मिळते. ती आपल्या कारखान्यात ठरते, आमच्या केबिनमध्ये नाही.

आमची मागणी अशी. केबिन आणि प्रेस हाऊस दोन्हीकडचे 8 पोर्टचे स्विच परत घेऊन त्या जागी ज्यात प्रत्येक पोर्टवर 802.3एझेड बंद करता येते आणि वीज गेली, फर्मवेअर बदलले तरी बंदच राहते असे स्विच द्यावेत. किमतीत फरक पडत असेल तर लेखी कळवावा, वाजवी असेल तर आम्ही भरू. तसे मॉडेल 8 पोर्टमध्ये नसेल तर दोन्हींची पूर्ण रक्कम परत करावी. मॅनेज्ड स्विचच्या फर्मवेअरमधली चूक दुरुस्त करून तारीख कळवावी. आणि खोक्यावर त्या हिरव्या पानाखाली एक ओळ छापावी की ही सोय या मॉडेलमध्ये बंद करता येत नाही. ती ओळ असती तर आम्ही हा स्विच घेतलाच नसता.

आम्ही व्यवसायासाठी खरेदी केली आहे, तेव्हा ग्राहक आयोगाची भाषा करत नाही. आपल्याच तीन वर्षांच्या लेखी हमीवर बोट ठेवतो आहे.

उत्तर 23 डिसेंबरपर्यंत मिळावे. नवीन स्विच पाठवण्याआधी त्याच्या सेटिंगच्या पानाचे चित्र पाठवा, ते पाहून आम्ही होकार देऊ. आपले सेवा केंद्र नागपूरला, जायला-यायला अख्खा दिवस मोडतो, म्हणून माल कुरिअरनेच पाठवावा आणि जुने दोन त्याच्याच हाती परत न्यावेत. माणूस पाठवणार असाल तर दुपारी एक ते दोनमध्ये पाठवा, एरवी काटा रिकामा नसतो.

कळावे,
देखभाल विभागप्रमुख