हायबरनेशनमधील दोष आणि ‘मशीन जुने झाले’ हा निकाल

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

हायबरनेशनमधून लॅपटॉप कधी उठतो, कधी उठत नाही, अशी तक्रार आली की ‘मशीन जुने झाले’ असा निकाल चटकन दिला जातो. तंत्रनिकेतनात शिकवताना मीही तो अनेकदा दिला आणि त्याची खंत वाटते. लिनक्स कर्नलमधील, म्हणजे त्या संगणकप्रणालीच्या गाभ्यातील, २०१६ साली दुरुस्त झालेला एक दोष नेमका असाच, अधूनमधून उमटणारा होता.

हायबरनेशनमध्ये मेमरीतील मजकूर डिस्कवर लिहून संगणक बंद होतो. पुन्हा सुरू करताना आधी एक ताजा कर्नल उठतो आणि डिस्कवरची पाने, म्हणजे मेमरीचे ठरावीक आकाराचे तुकडे, त्यांच्या मूळ जागी परत ठेवतो; मात्र त्यांपैकी कित्येक जागांवर त्या क्षणी तो स्वतःच नांदत असतो. राहत्या घरात फरशी बदलावी तसे हे काम असल्याने, पाने हलवणारा कोड जिथे काहीच येऊन पडणार नाही अशा सुरक्षित पानांत आधी नेऊन ठेवावा लागतो. कर्नलच्या स्वतःच्या कोडचा पत्ता सांगणारी पेज टेबले मात्र तशी हलवली जात नसत, कारण ती कर्नलच्याच पोटात ठरलेल्या जागी असत आणि दोन्ही वेळा तोच कर्नल असल्याने त्यांवर पुन्हा तेच लिहिले जाई.

पुढे सुरक्षिततेसाठी कर्नलमधील एका रिकाम्या पट्ट्यातून कोड चालवण्यास बंदी घालण्यात आली. हायबरनेशनशी तिचा वरकरणी काहीही संबंध नव्हता. पण त्यासाठी २ एमबीच्या पानाचे ४ केबीचे तुकडे पडले आणि त्यांचे नवे टेबल सर्वसाधारण मेमरीतून, दर वेळी वेगळ्या जागी घेतले जाऊ लागले. परतणारे पान कधी नेमके त्याच टेबलावर पडे आणि जुन्या, म्हणजे डिस्कवरून परत आणलेल्या, कर्नलमध्ये उडी घेताना संगणक कोसळे. कर्नलचे एक विकासक राफाएल विसॉत्स्की यांनी त्या उडीच्या पत्त्यापुरते तात्पुरते टेबलही सुरक्षित पानांत बांधून हा दोष दूर केला.

कोणत्या आवृत्तीपर्यंत सारे ठीक होते, हे वापरणाऱ्याने सांगितल्याखेरीज असे दूरचे कारण सापडणे फार कठीण असते. म्हणून आपल्या तंत्रज्ञान पुरवणीत, कर्नलची आवृत्ती आणि किती प्रयत्नांपैकी किती फसले याची नोंद कशी ठेवावी आणि ती कुठे कळवावी, याची माहिती मराठीत द्यावी, ही विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त अध्यापक, सांगली