वर्ग मोडू नका, बाई बदलू नका

महोदय,

मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत बावीस वर्षं शिकवते आहे. यंदा जूनमध्ये वर्गवाटपाच्या वेळी मुख्याध्यापकांनी मला पुन्हा पहिली घ्यायला सांगितलं. "पहिलीला तुमचा हात बसलाय, बाई," असं ते म्हणाले, आणि त्यात कौतुकच होतं. पण मी हट्ट धरला की माझी गेल्या वर्षीची पहिली मीच दुसरीला नेणार. त्यांनी ऐकलं. हट्ट कशासाठी धरला, हे सांगायला हे पत्र.

आमच्या गावातली निम्मीअधिक घरं ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, दसरा-दिवाळी झाली की कोयता निघतो, आणि बैलगाडीत भांड्यांशेजारी माझी पहिलीची पोरंही बसतात. हंगामी वसतिगृहाची सोय असते, आजी-आजोबा असतात, पण सहा वर्षांचं लेकरू मागे ठेवायला आईचा जीव होत नाही. तिला दोष कसा द्यावा? शिक्षण हमी कार्ड, म्हणजे जिथे जातील तिथल्या शाळेत दाखवून वर्गात बसता यावं म्हणून दिलेलं कार्ड, मी प्रत्येकाच्या हातात देते. कारखान्याच्या तळावर ते किती वेळा बाहेर निघतं, ते पोरं परत आली की कळतं.

गेल्या वर्षी एक मुलगी पाडव्याच्या सुमाराला परतली. केस तांबडे झालेले, पायाला उसाच्या पाचटाचे ओरखडे. दप्तरातून भाषेचं पुस्तक काढलं, एक कोपरा दुमडलेलं पान उघडलं आणि म्हणाली, "बाई, आपुन हितंच व्हतो ना?" पाच महिने तिने ते पान तसंच दुमडून ठेवलं होतं. वर्ग तोवर किती तरी पुढे गेला होता. उरलेल्या दिवसांत तिला काना-वेलांटीपर्यंत आणलं, तेवढ्यात उन्हाळ्याची सुट्टी लागली.

शिक्षण हक्क कायद्यामुळे पहिलीत कुणाला मागे ठेवत नाहीत, म्हणून ती दुसरीत गेली, आणि ते योग्यच आहे. पण नव्या शिक्षकापुढे ती कशी गेली असती? हजेरीपटावरचं एक नाव आणि प्रगतिपुस्तकातले चार शेरे. नवे शिक्षक दुसरीचं पुस्तक पहिल्या पानापासून सुरू करणार, आणि ही मागच्या बाकावर गप्प बसणार. ती जोडाक्षराला अडते, पण बेरीज तोंडी करते, हे कळेपर्यंत पुन्हा दसरा आला असता. दशक शिकवताना दहा काड्यांच्या गठ्ठ्याला तिने "मोळी" म्हटलं होतं. तेव्हापासून आमच्या वर्गात दशकाला मोळीच म्हणतात. तीन मोळ्या आणि चार कांड्या म्हणजे चौतीस, हे आता कुणाला समजवावं लागत नाही. असल्या गोष्टी कुठल्या रकान्यात लिहायच्या?

यात नवीन काही नाही. मी शिकले तेव्हा आमच्या गुरुजींनी पहिलीला हाताशी धरलेला वर्ग चौथीपर्यंत नेला होता, आणि तसा रिवाजच होता. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही पहिली-दुसरी बालवाडीला जोडून एकच पायाभूत टप्पा धरला आहे. टप्पा एक असेल तर मधेच माणूस का बदलायचा? एखाद्या लेकराचं आणि शिक्षकाचं जमत नसेल तर त्याला दुसऱ्या वर्गशिक्षकाकडे द्यावं, तिथे अडून बसू नये, हेही मला मान्य आहे. शिवाय बदल्यांपुढे कुणाचं चालत नाही. पण शिक्षक त्याच शाळेत असताना केवळ पाळी म्हणून वर्ग फिरवला जातो, तेवढं तरी थांबवता येईल.

माझी केंद्रप्रमुखांना, मुख्याध्यापकांना आणि शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांना विनंती आहे. स्थलांतर होणाऱ्या गावांत निदान पहिली आणि दुसरी एकाच शिक्षकाकडे ठेवा. वर्गवाटपाला बसताना आधी हजेरीपट उघडा, नोव्हेंबर ते मार्चचे रिकामे रकाने बघा, आणि मग ठरवा.

ती मुलगी शाळा उघडली त्या दिवशी आली आणि न सांगता माझ्या टेबलाजवळच्या बाकावर बसली. आम्ही पहिलीचंच पुस्तक आधी काढलं, जिथे थांबलो होतो तिथून. दसऱ्यानंतर ती पुन्हा जाईल. जाताना दुसरीच्या पुस्तकाचं कुठलं पान दुमडायचं, ते आम्ही दोघी मिळून ठरवू.

– एक प्राथमिक शिक्षिका, जि. बीड