सोलरमध्ये समजावून सांगणारेही लागतात

संपादक साहेब, करिअर पुरवणीतला सौरऊर्जेतल्या नोकऱ्यांवरचा लेख वाचला, चांगलाय, पण सगळा इंजिनिअर अन् टेक्निशियनवरच, या क्षेत्रातल्या एनजीओंमध्ये कम्युनिकेशनचं काम करणाऱ्यांचा साधा उल्लेखही नाही हे काही पटलं नाही. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत शेतकऱ्याचा हिस्सा 10 टक्के, अनुसूचित जाती-जमातीला 5, अन् अडीच एकरापर्यंत 3 एचपीचाच पंप, हे कुणीतरी पारावर बसून, सातबारा हातात घेऊन नीट सांगावं लागतं, नाहीतर 'कुसुम' या केंद्राच्या सौर पंप योजनेच्या नावानं येणाऱ्या खोट्या लिंकवर माणसं पैसे भरून बसतात. संभाजीनगरला जर्नलिझम करून घरी बसलेल्या आपल्या पोरापोरींसाठी हे चांगलं करिअर आहे. पुढच्या पुरवणीत त्यावर लिहाच.

– एक वाचक, अंबाजोगाई