कोर्टाच्या तारखेचा मेसेज येतो, मग उपचाराच्या तारखेचा का नाही?

मा. संपादक,

माझा मावसभाऊ मार्केट यार्डात हमाली करतो. दारूच्या नशेत मारामारी केली, पहिलाच गुन्हा म्हणून कोर्टानं जेलमध्ये न टाकता चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर सोडलं, अट अशी की व्यसनमुक्तीचे उपचार घ्यायचे, दर दुसऱ्या मंगळवारी फॉलोअप. पहिल्या चारपैकी दोन तारखा यानं चुकवल्या आणि घरचे सगळे म्हणाले याला सुधारायचंच नाहीये. मी तारखांची चिठ्ठी मागितली तर ती शर्टाबरोबर धुतली गेलेली, खिशात नुसता लगदा! पहाटे गाड्या खाली करायला जाणाऱ्या माणसाला वार तरी कुठला लक्षात राहणार हो.

मग मीच सोमवारी रात्री नऊला फोन करायला लागले, "उद्या मंगळवार आहे रे". तेव्हापासून फक्त एकदा चुकला, ते पण मी गौरीला गावी गेले आणि फोन राहिला तेव्हा.

1958 च्या अपराधी परिवीक्षा कायद्यात (परिवीक्षा म्हणजे जेलऐवजी अटींवर, देखरेखीखाली सोडणं) अट पहिल्यांदा मोडली तर 50 रुपयांपर्यंत दंड आहे, म्हणजे आजचे दोन वडापाव, पण कोर्टाला वाटलं तर मूळ गुन्ह्याची शिक्षाही देता येते, खरी भीती त्याची. आणि गंमत बघा, केसची पुढची तारीख ई-कोर्ट्सकडून, म्हणजे कोर्टांच्या ऑनलाइन सेवेकडून, एसएमएसनं येते, उपचाराची मात्र चिठ्ठीवरच. न्यूयॉर्कमध्ये समन्स मिळालेल्यांना मेसेज पाठवले तर कोर्टात न येण्याचं प्रमाण 21 टक्क्यांनी घटलं, 2020 मध्ये छापून आलंय. ते कोर्टाच्या तारखांचं होतं हे मान्य, पण विसरणारी माणसं तीच ना?

फक्त मेसेज मराठीत हवा, आदल्या रात्री एक आणि सकाळी एक. आणि त्यात दारू, कोर्ट, गुन्हा असलं काही नको, कारण आमच्याकडे एकच फोन आई, बायको, पोरं सगळे बघतात, पोरगी तर मोठ्यानं वाचून दाखवते. "उद्या मंगळवार, सकाळी 11, कार्ड आणा. जमत नसेल तर 1 पाठवा." एवढं पुरे. तो 1 महत्त्वाचा, नाहीतर हमाली बुडेल म्हणून न आलेला आणि पिऊन पडलेला, दोघं रजिस्टरात एकाच लाल फुलीत.

परिवीक्षा अधिकारी आणि उपचार केंद्रांनी मिळून हे सुरू करावं. येत्या सोमवारी मी लग्नाला सोलापूरला आहे, नऊचा अलार्म आत्ताच लावून ठेवलाय.

– एक वाचक, धनकवडी, पुणे